इस्मेने मोडलेली मांडणी

कथबर्ट मँडरसन गेला तेव्हा अख्ख्या वॉटरलू टेरेस गल्लीने हळहळ केली, आणि त्याच्या बायकोला, इस्मेला, त्या हळहळीचाही मत्सर वाटला. ऐकायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं. चर्चमध्ये जागा पुरली नाही, लोक बाहेर भुरभुर पावसात उभे राहिले. महापौरबाई काळी टोपी घालून आल्या. ज्या पबात एके काळी कथबर्टला बिअरचा ग्लास नाकारला होता, त्या पबाच्या आताच्या मालकाने फुलं पाठवली. इस्मे पहिल्या बाकावर बसून मनात हिशेब करत होती, की मी मेले तर यातले कितीजण येतील? पेटी उचलायला लागतात तेवढे, आणि वर एखादा चुकून.

मत्सर तिला नवा नव्हता. जमैकाच्या डोंगरात, तांबड्या मातीच्या गावात थोरल्या बहिणीला चर्चसाठी नवे बूट मिळाले आणि हिला थोरलीचे जुने, तेव्हापासून तो तिच्या पोटात बिऱ्हाड करून होता. शेजारची ग्लोरिया बोटीने इंग्लंडला गेली, म्हणून हीही गेली. नर्स व्हायचं होतं. मिडलंड्समधल्या त्या हॉस्पिटलातल्या मेट्रनने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि आयाचा झगा हातात ठेवला. तिच्याबरोबर आलेल्या गोऱ्या पोरी नर्सिंगच्या वर्गाला गेल्या. त्यांच्या कडक इस्त्रीच्या टोप्यांकडे बघत इस्मेने आयुष्यभर बेडपॅन धुतली. "काळे हात मला लावू नकोस" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना ती म्हणायची, "मग आजोबा, गोरे हात येईपर्यंत बसा असेच ओले." आणि तरी त्यांना पुसून, पावडर लावून, स्वच्छ चादरीवर निजवायची. या भांडणांची नोंद कुणी ठेवली नाही.

कथबर्टचं भांडण मात्र छापील असायचं. सायकलच्या कारखान्यात काळ्या माणसाला झाडूशिवाय काही देत नसत, तेव्हा त्याने मशीन मागितलं. नाही म्हणाले, तर त्याने सह्या गोळा केल्या. मशीन मिळालं आणि त्याला सह्यांची चटक लागली. पुढे घरं भाड्याने न देणारे मालक, काळ्या पोरांना ढ म्हणून मागच्या बाकावर ढकलणाऱ्या शाळा, नाचघराच्या दारातून पोरांना गाडीत कोंबून नेणारे पोलीस, सगळ्यांशी त्याचं वाकडं. समिती निघाली. समितीला कचेरी नव्हती, म्हणून घरातली वरच्या मजल्यावरची मागची खोली समितीची झाली. कारखान्याने त्याला एके दिवशी घरी बसवलं, तेव्हा इस्मेच्या रात्रपाळीवर घर चाललं आणि समितीचा चहाही.

आणि मग डेल्फीन पिनॉक आली.

डेल्फीन वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. अविवाहित, सडपातळ, डोक्यावर नेहमी पीस खोचलेली टोपी. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती यायची, टोपी जिन्याच्या कठड्यावर अडकवायची आणि वर जायची. त्या टोपीइतकं इस्मेच्या डोळ्यांत आयुष्यात काही खुपलं नाही. ती पाळीला निघायची, कोट चढवायची, आणि वरून टाइपरायटरचा खडखडाट, मध्येच कथबर्टचं हसणं. स्वयंपाकघरात तो असा हसत नसे. तिथे तो भाताबरोबर काय आहे एवढंच विचारायचा. डेल्फीनच्या चहात साखर किती हे त्याला पाठ होतं, आणि इस्मेचा वाढदिवस दरवर्षी विचारून घ्यावा लागायचा.

खोलीचं दार उघडं असायचं, हेही सांगायला हवं. कथबर्टने ते कधी लावून घेतलं नाही. पण बंद दाराआडचं काय ते माणूस एकदाचं कल्पून मोकळं होतं. उघड्या दाराने इस्मेला काहीच धड कल्पू दिलं नाही आणि काहीच सोडू दिलं नाही. तिने डेल्फीनला एका शब्दाने दुखावलं नाही. उलट कायम "मिस पिनॉक" म्हणून अहो-जाहो केलं, चांगल्या कपबशीत चहा दिला, आणि ती गेल्यावर कपबशी दोनदा घासली.

कथबर्ट म्हातारा झाला, आजारी पडला, आणि शेवटचं वर्ष त्याने मागच्या खोलीतच पलंग टाकून घेतला. कागदांत झोपला आणि कागदांतच गेला.

आता नववी रात्र. जमैकातल्या समजुतीप्रमाणे माणूस गेल्यावर त्याचं भूत, म्हणजे डपी, नवव्या रात्री घरी एक चक्कर मारतं. लोक जमतात, तळलेली मासळी, कडक पाव, बकऱ्याच्या मुंडीचं सूप, रम, गाणी, डॉमिनो. आणि त्याआधी, दिवे लागायच्या सुमाराला, मेलेल्याच्या खोलीतलं सामान फिरवून ठेवतात. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला, गादी उभी, आरसा झाकलेला. म्हणजे डपी आला की त्याला वाटतं, ही आपली खोली नव्हे, आणि तो पुढच्या वाटेला लागतो. आजकालची पोरं हॉल भाड्याने घेतात आणि डीजे बोलावतात, पण इस्मेच्या घरी सगळं रीतसर झालं.

रीतीपेक्षा जास्तच झालं. पुतण्यांनी पलंग फिरवला, कपाट फिरवलं, हात झटकले. इस्मे म्हणाली, "आता कपाटं रिकामी करा."

चर्चमधल्या बायका चमकल्या. "अगं इस्मे, पलंग फिरवला की पुरे. एवढी उलथापालथ कुणी करत नाही."

"तुमचे नवरे पलंगावर झोपायचे," इस्मे म्हणाली. "माझा कागदांत राहायचा. तो पलंगाकडे बघणारसुद्धा नाही. सरळ आपल्या खणाशी जाईल आणि बसेल वाचत."

यात खोटं काही नव्हतं. पण एकेका गठ्ठ्याची फीत सोडताना तिचे हात ज्या आवेशाने चालले होते, तो नुसत्या रीतीचा नव्हता. त्या फिती डेल्फीनने बांधलेल्या होत्या. खणांवरच्या चिठ्ठ्या डेल्फीनने टाइप केलेल्या होत्या. त्या इस्मेने नखाने खरवडून काढल्या. इतिवृत्तं, पत्रकं, कोर्टाचे कागद, फोटो, कॅसेटी, सगळं तिने केळ्यांच्या खोक्यांत, धुण्याच्या पिशव्यांत, जुन्या सुटकेसमध्ये कसंही कोंबलं. वरचं खाली, आजचं कालच्यात. खाली बैठकीच्या खोलीत डेल्फीन बायकांबरोबर गात होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. इस्मे खाली आली तेव्हा तिचा चेहरा इतका शांत होता, की लोक म्हणाले, बाई खंबीर आहे हो.

वसंतात शहराच्या अभिलेखागारातून केझाया आली. तिशीतली, बारीक वेण्या घातलेली, याच वस्तीत वाढलेली पोर. एके काळी कथबर्टकडे येणाऱ्या डेन्झिलची मुलगी. कथबर्टचे कागद अभिलेखागार कायमचे जपणार होतं. मोठमोठ्या माणसांच्या कागदांशेजारी, थंड खोलीत, कागद पिवळा पडू नये म्हणून बिनआम्लाच्या खोक्यांत.

"त्याच्या कागदांना थंड खोली," इस्मे म्हणाली. "मी पंचवीस वर्षं त्याला सांगत होते, बॉयलर दुरुस्त कर, घर गरम होत नाही म्हणून."

केझाया हसली. मग तिने पहिलं खोकं उघडलं आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. शाळांविरुद्धच्या मोर्चाचं पत्रक, त्याच्या पोटात गॅसचं बिल, त्याखाली कुणाच्या तरी जामिनाच्या अर्जाचं दुसरं पान, मग कार्निव्हलचा फोटो.

"इस्मेआंटी, अंकल असेच ठेवायचे कागद?"

"असेच," इस्मे म्हणाली. "पसारेबाज माणूस."

"माझे डॅडी तर सांगायचे, कथबर्टअंकलच्या खोलीत डोळे मिटून कागद काढता यायचा."

"तुझे डॅडी फार गोड बोलायचे."

केझाया आठवडाभर येत राहिली, उकिडवी बसून खोकी उपसत राहिली. शेवटी स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसली. इस्मेने तिच्यापुढे बन आणि चीज ठेवलं.

"आंटी, स्पष्टच सांगते. एकटा कागद अर्धा मुका असतो. तो कशाशेजारी ठेवला होता, त्यावरून कळतं तो कुणाचा, कशासाठी. इथे जामिनाचे अर्ज आहेत, जबान्या आहेत, पण कुठलं पान कुठल्या पोराचं, पत्ता नाही. एकाची केस दुसऱ्याच्या नावावर लागली तर? आमचे साहेब म्हणतात, छापील पत्रकं आणि फोटो घेऊ. बाकी परत."

"परत म्हणजे?"

"परत तुमच्या मागच्या खोलीत."

इस्मेला काय वाटलं असेल? आधी बरं वाटलं. जाऊ दे डेल्फीनची टोपी आणि तिची टापटीप चुलीत. पण मग तिच्या डोळ्यांपुढे ती खोकी पुन्हा जिना चढू लागली, आणि खोक्यांमागून कथबर्ट. ज्याला पुढच्या वाटेला लावायला तिने एवढा खटाटोप केला, तो आपला परत येऊन बसणार.

"त्यात माझ्या डॅडींचाही कागद आहे," केझाया टेबलाकडे बघत म्हणाली. "नाचघराबाहेर त्यांना उचललं होतं ना, शाळेत होते तेव्हा. घरी कधी बोलले नाहीत. आता तर गेलेच. मला एकदा वाचायचं होतं."

"त्याचं डोकं फुटलं होतं," इस्मे म्हणाली. "इथे. कानाच्या वर. मी पाळीवरून आले तर कथबर्ट आणि तो याच टेबलाशी. कथबर्ट त्याची जबानी लिहून घेतोय, आणि पोराच्या मानेवरून रक्त कॉलरीत चाललंय. मी म्हटलं, आधी डोकं, मग जबानी. पट्टी मी बांधली. तो रडला नाही, पण माझा झगा घट्ट धरून ठेवला होता त्याने. सोडेचना."

केझायाचा हात बनवरच थांबला. "हे कुठे लिहिलंय?"

"कुठे लिहिणार? मी पट्ट्या बांधायचे. इतिवृत्त लिहायला मिस पिनॉक होत्या."

आणि मग, बोलून गेली तशी पुढेही बोलून गेली. नववी रात्र, फिती, खरवडलेल्या चिठ्ठ्या, सगळं. केझाया ऐकत राहिली. तिच्या तोंडावर राग होता की हसू, इस्मेला कळेना.

"मग हे सगळं कुठे होतं, हे कुणाला सांगता येईल?" केझायाने विचारलं, आणि उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

फोन इस्मेनेच केला. आयुष्यात असा जड फोन तिने केला नव्हता. "मिस पिनॉक, शनिवारी जरा येता का?"

डेल्फीन आली. टोपी तीच, फक्त पीस नवं. जिना आता तिला एकेक पायरी थांबून चढावा लागत होता. खोलीच्या दारात उभी राहून तिने एकेक खोकं नजरेने मोजलं.

"चोर शिरला होता का, सिस्टर मँडरसन?" चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणत.

"नववी रात्र होती," इस्मे म्हणाली. "आमच्यात फिरवतात."

"आमच्यातही फिरवतात. पलंग!" डेल्फीनने दातांतून असा लांबलचक 'च्यँ' काढला, की तो जिन्याखाली ऐकू गेला असेल. मग कोट काढला, बाह्या वर केल्या आणि खुर्ची ओढली. "पोरी, ते खोकं इकडे आण."

असे शनिवार मग बरेच झाले. डेल्फीन कागद नाकाजवळ धरायची आणि सांगायची, हा खिडकीकडचा दुसरा खण, हा याच्या मागे, याच्याबरोबर एक निळं पाकीट असेल बघ. आणि निळं पाकीट दोन खोक्यांपलीकडे निघायचं. केझायाचे डोळे चमकायचे. इस्मे चहा घेऊन यायची आणि परत जायची नाही. दारातल्या स्टुलावर बसून क्रोशाचे रुमाल विणायची, आणि आतून हसू आलं की टाका चुकायचा. डेन्झिलचा कागद सापडला त्या शनिवारी केझायाने डेल्फीनला मिठी मारली. इस्मेने विणलेले चार टाके उसवले. पट्टी हिने बांधली होती, आणि मिठी त्या टोपीवाल्या बाईला.

"कथबर्ट म्हणायचा—" डेल्फीन कागद लावता लावता सांगत होती.

"कथबर्ट!" इस्मेचा बांध तिथे फुटला. हातातलं विणकाम जमिनीवर गेलं. "मिस्टर मँडरसन म्हणायला जीभ झिजते का तुझी? चाळीस वर्षं बघतेय मी. आता तो गेला, आता सांगून टाक. तुझा जीव होता त्याच्यावर."

डेल्फीनने चष्मा काढला, इस्मेकडे बघितलं, आणि खांदे हलायला लागले. ती हसत होती. डोकं मागच्या भिंतीवर आपटतंय की काय, इतकी.

"कथबर्टवर? अगं बाई! तो माणूस बोलायला लागला की थांबायचाच नाही. मी एवढ्या जोरात टाइप का करायचे? त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आणि बूट काढून बसायचा ग तो. दार मी उघडं ठेवायला लावलं होतं, त्याच्या पायांच्या वासापायी!"

"त्याच्या पायांना वास नव्हता!" इस्मे ओरडली.

"होता."

"तो रोज पाय धुवायचा!"

"मग पुरत नव्हतं."

इस्मेच्या अंगाचा तिळपापड झाला. आता बघा, हिने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता की नाही? नवरा चोख निघाला, बाई निर्दोष निघाली. पण तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी लुबाडलं. चाळीस वर्षं आपण ज्याची राखण केली, ते नेण्याची या बाईला कधी इच्छाच झाली नाही? माझ्या नवऱ्यात एवढी काय खोट होती?

"मग येत कशाला होतीस?" तिने विचारलं. अहो-जाहो कधीच सुटलं होतं.

डेल्फीनचं हसू ओसरलं. "कचेरीत मी दिवसभर साहेबांची पत्रं टाइप करायचे. खाली त्यांची सही. ही खोली माझी होती, इस्मे. कुठला कागद कुठे, हे मी ठरवायचे. त्या खणांत हात घालायला कथबर्टसुद्धा मला विचारायचा." तिने खरवडलेल्या चिठ्ठीचा उरलेला गोंद बोटाने चाचपला. "आणि तू ते एका संध्याकाळीत मोडलंस."

इस्मेने विणकाम उचललं आणि ती चहा गरम करायला गेली.

उन्हाळा सरता सरता सगळे कागद मार्गी लागले. साहेबांनी एकही खोकं परत पाठवायचं नाही असं ठरवलं. शेवटच्या शनिवारी केझाया सूचीच्या सुरुवातीचं पान टाइप करून घेऊन आली. कुठलाही संग्रह आला की तो कुठून, कुणाच्या हातून, कसा आला, ते पहिल्याच पानावर लिहितात म्हणे. तिघी बैठकीच्या खोलीत बसल्या, साखरेच्या पाण्याने कडक केलेल्या क्रोशाच्या रुमालांमध्ये. आल्याचं सरबत होतं.

"आंटी, एक विचारायचंय," केझाया म्हणाली. "मूळ मांडणी मोडली, हे लिहावं लागतंच. पण कुणी मोडली, ते नाही लिहिलं तरी चालेल. नुसतं 'घर आवरताना' असं म्हणता येईल."

"घर आवरताना?" इस्मे ताठ बसली. "मी काय अंथरुणं आवरत होते? नवऱ्याला वाटेला लावलं मी. लिही, जसं झालं तसं. नावासकट."

"तसंही करून आणलंय." केझायाने दुसरं पान काढलं आणि वाचलं. "कथबर्ट मँडरसन यांच्या कागदांची मूळ मांडणी त्यांच्या पत्नी इस्मे मँडरसन यांनी, जमैकन प्रथेप्रमाणे, त्यांच्या मृत्यूनंतरच्या नवव्या रात्री स्वतःच्या हाताने मोडली. श्रीमती मँडरसन या हॉस्पिटलात आया होत्या. समितीकडे आलेल्या जखमी मुलांची मलमपट्टी त्या याच घरात करत असत. सध्याची मांडणी समितीच्या चिटणीसांच्या आठवणीवरून केली आहे."

इस्मेने ते आणखी एकदा वाचायला लावलं. कुणी तिचं नाव असं, आडनावासकट, छापील कागदावरून, तिच्याच बैठकीत वाचून दाखवेल, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग तिने केझायाचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

"चिटणीसांच्या?" डेल्फीनचा आवाज बारीक झाला होता. "चिटणीसाला नाव नसतं का?"

"आहे ना आंटी, पुढच्या पानावर. समितीच्या माहितीत."

"पुढच्या पानावर." डेल्फीनने ग्लास खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी लावलं, पुन्हा एकदा पहिल्यापासून लावलं, आणि मी पुढच्या पानावर. आणि हिने एका संध्याकाळीत उधळून टाकलं, तर ही पहिल्या!"

इस्मेने तिच्याकडे वळून बघितलं. डेल्फीनच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, ओठ आवळले होते, आणि गळ्याची शीर टरटरून वर आली होती. नवऱ्यापायी या बाईच्या तोंडावर जे कधी उमटलं नव्हतं, ते आता उमटलं होतं. इस्मेला आधी गुदगुल्या झाल्या, इतकं गोड तिला वर्षानुवर्षांत काही लागलं नव्हतं. आणखी थोडा वेळ बघत राहावं असं वाटलं, आणि ती राहिलीही. पण हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पाळीला जाताना कोट चढवायची तेव्हा दाराजवळच्या आरशात तो रोज दिसायचा. रात्रभर तो घेऊन वॉर्डात हिंडताना कसं वाटतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"केझाया," ती म्हणाली, "मिस डेल्फीन पिनॉक हे नाव घाल तिथे. पहिल्याच पानावर."

केझायाने पेन काढलं. डेल्फीन खिडकीबाहेर बघू लागली.

"पण माझ्या खाली," इस्मे म्हणाली.